दसऱ्याला ढकलायची जीप

गावाहून फोन आला की माझ्या पोटात गोळा येतो. पलीकडून आईचा आवाज आला तर तो निम्मा विरघळतो, पण शेजारच्या कुणाचा आला तर मी आधी खुर्ची शोधते. आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच खंडाळा तालुक्यातल्या आमच्या गावी राहतात आणि मी सांगलीला विश्रामबागेत. मध्ये अख्खा सातारा जिल्हा आडवा पडलाय. आबांनी ऐंशी ओलांडली. मी त्यांची एकुलती मुलगी, त्यामुळे वाईट बातमी आली तर ती माझ्याच कानात येणार हे ठरलेलं.

घरात माझी यावरून पुष्कळ टिंगल होते. नवरा म्हणतो, "हिला दूधवाल्यानं बेल वाजवली तरी घाम फुटतो." खरं आहे ते. मी लिफ्टला भिते, कुत्र्यांना भिते, आणि गॅस बंद केलाय का ते बघायला निम्म्या जिन्यातून परत वर जाते. भित्र्या माणसाला सगळे हसतात, पण घरोघरचे गॅस बंद असतात ते आमच्यासारख्यांमुळेच, हे कुणी लक्षात घेत नाही.

गेली काही वर्षं माझ्या या सगळ्या भीतीला एक जागा मिळाली होती. गावाकडच्या शेडमधली आमची बंद पडलेली जीप.

आबा फौजेत गाड्या चालवायचे. बर्फातले रस्ते, दरडी, एका बाजूला खोल दरी, हे सगळं ऐकतच मी मोठी झाले. निवृत्त झाल्यावर त्यांनी लष्कराच्या लिलावातून एक जुनी जीप घेतली. आई अजून म्हणते, "ह्ये बी सुटलं आन् ती बी सुटली. दोघं जोडीनं घरला आली." गावात तेव्हा गाड्या मोजक्याच होत्या. साताऱ्याच्या दवाखान्यात न्यायचे आजारी, सासरी निघालेल्या लेकी, लोणंदच्या बाजाराला निघालेल्या शेळ्या, सगळे त्या मागच्या बाकांवरून गेले. स्टिअरिंगला मात्र आबांशिवाय कुणी हात लावायचा नाही. मीसुद्धा नाही, आणि मला तर हौसही नव्हती.

एका उन्हाळ्यात साताऱ्याहून येताना घाटात तिचं पाणी उकळलं. थांबायचं सोडून आबा 'आता आलंच की घर' करत चालवत राहिले आणि इंजिन जाम झालं. जाम म्हणजे असं, की चावी फिरवा नाहीतर पुढून हँडल मारा, आतलं काहीच फिरेना. शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरनं ओढत तिला घरी आणलं, पत्र्याच्या शेडमध्ये लावलं. पुढच्या सुगीला बघू, आबा म्हणाले. मग त्याच्या पुढच्या सुगीला. अशा किती सुग्या गेल्या कुणास ठाऊक. भंगारवाले अधूनमधून यायचे. आबा त्यांना चहा पाजायचे, जीपच्या चार गोष्टी सांगायचे आणि रिकामेच परत पाठवायचे.

तीन-चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मी गावी गेले होते. आबा ओट्यावर बसले होते आणि शेडकडं बघत, मला नाही, स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाले, "एकडाव सातारपतूर चालवायची हुती." एवढंच. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं, ही जीप मी उभी करणार. आबा असताना. ते स्वतः चालवत साताऱ्याला जातील आणि मी जीव मुठीत धरून शेजारी बसेन.

ठरवणं सोपं होतं. त्या दिवसापासून मात्र जीपची आणि आबांची शर्यत सुरू झाली. आबांना खोकला झाला की मला जीप आठवायची. जीपच्या पत्र्याला नवीन भोक दिसलं की आबांचा रक्तदाब आठवायचा. दोघांतलं आधी कोण जाईल, हा विचार मी कुणाला बोलून दाखवला नाही, पण कामात असताना, भाजी निवडताना तो येऊन बसायचा.

आणखी एक भीती होती, आणि ती विचित्र होती. जीप चालत होती.

म्हणजे इंजिनावर नव्हे. दसऱ्याला आमच्याकडे जे जे राबतं त्याची पूजा होते. कोयता, विळा, शिलाई मशीन, विहिरीवरची मोटार. जीप राबत नव्हती तरी तिचीही व्हायची. बॉनेटला झेंडूची माळ, हळदीकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. लिंबू ठेवलं म्हणजे चाकानं ते चिरडलंच पाहिजे, नाहीतर पूजा अर्धी राहिली, असं आईचं म्हणणं. आणि जीप तर जागची हलायची नाही, कारण ब्रेक गंजून चाकांना घट्ट चिकटले होते. मग भावकीतले आठ-दहा गडी यायचे. आबा फौजेची टोपी घालून स्टिअरिंगला बसायचे. आई चाकांपुढचे धोंडे काढून तिथं लिंबं ठेवायची. मागून सगळे 'हर हर महादेव' म्हणत खांदा लावायचे, शिरा ताणून, चेहरे लाल करून, आणि जीप वीतभर पुढं सरकायची. लिंबं चिरडली, नारळ फुटला, पेढे वाटले, झाला दसरा.

वीतभर पुढं. मागं कधीच नाही. दसऱ्याला गाडी मागं घ्यायची नाही हा आबांचा दंडक, आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्यासाठी दहा गडी कोण गोळा करणार? असं करत करत जीप शेडच्या बाहेर आली. आधी दिवे बाहेर आले, मग बॉनेट, मग सगळी पुढची बाजू. आबांनी वर ताडपत्री टाकली. गावातले जाता येता म्हणायचे, "आबा, तुमची जीप निघाली की वो रानाकडं." सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही, कारण आमच्या अंगणाला पुढं उतार आहे आणि त्या उताराच्या पायथ्याला आमची विहीर. जुनी, रुंद, कठडा नसलेली. दरवर्षी दसऱ्याला गेले की मी पुढच्या चाकापासून उताराच्या कडेपर्यंत नजरेनंच अंतर मोजायची. ते दरवर्षी कमी व्हायचं. एकदा मी बोलले तर चुलत्यांचा मोठा मुलगा म्हणाला, "आक्का, दहा गड्यांनी ढकलून हलत न्हाई, ती काय आपली आपण जाणार हाय?" त्यात चूक काही नव्हती.

जुन्या गाड्या उभ्या करणारा एक मेस्त्री मला सांगलीतच सापडला. माणूस बोलका, हात सदानकदा ग्रीसमध्ये आणि तोंडात सुपारी. म्हणाला, "ताई, गाडी हितं आणून टाका. बाकीचं माझ्यावर सोडा." मी त्याचं गॅरेज बघायला गेले. ते होतं नदीच्या अंगाला. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर एक मळकट रेघ होती. त्यानं ती मला कौतुकानं दाखवली, "ही बघा, पुराचं पाणी हितपतूर आलं हुतं. गिऱ्हाईकांच्या सगळ्या गाड्या खाली." त्या रात्री मला झोप लागली नाही. आबांची जीप पाण्याखाली गेलीय आणि मी गच्चीवरून बघतेय, हेच डोळ्यांपुढं येत राहिलं. सकाळी मी त्याला सांगून टाकलं, जीप सांगलीला येणार नाही. तुम्हीच गावी चला, जे सुटं करता येईल ते काढून इकडं आणा.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला, पण मेस्त्री कबूल झाला. गणपती झाल्यावर तो आमच्या गावी दोन दिवस मुक्कामाला आला. गंजलेले ब्रेक त्यानं ठोकून, तेल पाजून मोकळे केले आणि सगळेच्या सगळे पोत्यात भरले. सांगलीत ते दुरुस्त करायचे, दिवाळीनंतर आणून बसवायचे. हँडब्रेक तर फार पूर्वीच कामातून गेला होता. चाकांना नवीन टायर घातले, ग्रीस भरलं, हवा भरली. इंजिनाला त्यानं हात लावला नाही. त्याचं मोठं काम, ते शेवटी. निघताना मला जवळ बोलावून त्यानं अजून जॅकवर असलेलं एक चाक एका बोटानं फिरवलं. ते किती तरी वेळ फिरत राहिलं. आबा काठी टेकत आले, त्या फिरत्या टायरवर तळहात धरला आणि लहान मुलासारखे हसले. तो आनंद मला अजून दिसतो.

जीप जॅकवरून खाली आली तेव्हा चारी चाकांपुढं मी स्वतः धोंडे लावले. छोटे वाटले म्हणून काढून मोठे लावले. मग आईला बजावलं, "ह्याला कुणी हात लावायचा नाही." आई म्हणाली, "बरं बाई."

दसऱ्याला आम्ही दोघं गावी गेलो. गडी जमायच्या आधीच मी अंगणात उभी राहिले आणि जो जो आला त्याला सांगितलं. ब्रेक काढलेत. चाकं मोकळी झालीत. एका माणसानं हात लावला तरी जाईल, खांदा लावू नका. सगळे 'व्हय व्हय' म्हणाले. चुलत्यांचा मोठा मुलगा म्हणाला, "आक्का, लय भिता बघा तुमी. हळूच लावतो."

माझं समाधान झालं नाही. मी आत गेले. आई आबांना कोटाची बटणं लावून देत होती. पदकं लावलेली होती, टोपी हातात होती.

"आबा, या वर्षी तुम्ही बसू नका."

"आन् कोण बसणार?"

"कुणी नको. मोकळीच ढकलू."

"डायवरबिगर गाडी म्होरं जाती व्हय?" त्यांनी टोपी घातली. "फौजेत असं कुणी बोललं असतं तर शिक्षा झाली असती."

"ही फौज नाही, आबा. तिला ब्रेक नाहीत!" मी ओरडले. मला राग आला की माझा आवाज चिरका होतो, आणि चिरक्या आवाजाचं कुणी ऐकत नाही.

"आवं, हू द्या की तिच्या मनासारखं," आई त्यांना म्हणाली. म्हणजे तिला म्हणायचं होतं, बसू नका. पण तिनं ते असं काही गुळमुळीत म्हटलं की त्याचा काही उपयोग झाला नाही. आबा काठी टेकत बाहेर गेले. दोघांनी धरून त्यांना जीपमध्ये चढवलं. एक पाय आत घेताना त्यांना पँटला धरून उचलावा लागला, ते मला बघवलं नाही आणि मी मान फिरवली.

आई पूजेला लागली. माळ घातली, हळदीकुंकू वाहिलं. मग खाली वाकून तिनं सवयीनं पहिल्या चाकापुढचा धोंडा बाजूला सारला आणि तिथं लिंबू ठेवलं. मी म्हटलं, "अगं, धोंडा राहू दे, त्याच्या पुढं ठेव लिंबू." ती म्हणाली, "धोंड्याम्होरं लिंबू ठिवलं तर चाक त्याच्यावर जाणार कसं?" एकेक करत चारी धोंडे गेले, चारी लिंबं आली. जीप तेवढ्यावर, म्हणजे चार लिंबांवर थांबली होती. मी नवऱ्याला म्हटलं, तुम्ही तरी पुढं उभे राहा. तो हसत पुढं जायला निघाला.

तेवढ्यात मागून कुणीतरी आरोळी दिली.

इतक्या वर्षांची सवय. आरोळी झाली की खांदा लागणारच. मी जे जे सांगितलं होतं ते त्यांच्या डोक्यात असेलही, पण खांद्याला ते कुणी सांगितलं नव्हतं. दहा जणांनी खाली माना घातल्या, पाय रोवले आणि दरवर्षी जसा लावायचे तसा, सगळ्या अंगाचा जोर लावला.

जीप सुटली. मागचे चार-पाच जण तोंडावर आपटले, कारण ज्याला टेकले होते तेच निघून गेलं. लिंबं फुटल्याचा आवाज झाला. क्षणभर कुणाला काही कळलंच नाही, एकानं तर टाळ्या वाजवल्या. मग पुढची चाकं उताराला लागली आणि जीपचा वेग वाढला. ताडपत्री सुटून मागं पडली.

मी पळाले. मी कधी पळत नाही, पण पळाले. माझ्या तोंडून 'आबा, आबा' एवढंच निघत होतं. नवरा बाजूनं जीपच्या टपाचा दांडा धरून लोंबकळला आणि फरफटत चालला. आई तिथंच आरतीचं ताट घेऊन उभी होती. कुणीतरी ओरडत होतं, "उडी टाका, आबा, उडी टाका!" विहीर समोर होती. पावसाळा नुकताच संपलेला, पाणी काठापासून हातभर खाली, हिरवं. मी एकदा आबांच्या बरोबरीला आले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. ते डोळे मी याआधी कधी पाहिले नव्हते. टोपी एका कानावर आली होती आणि तोंड उघडं होतं.

मग जीपमधून असा आवाज आला, जसं कुणी दगड दातांनी फोडतंय. मागची चाकं एकदम अडली. माती उकरत ती थोडी घसरली, एक गचका बसला आणि जीप थांबली. विहिरीच्या काठच्या घाणेरीच्या झुडपात तिचं पुढचं चाक होतं. त्या चाकाखालून एक ढेकूळ निसटलं आणि पाण्यात पडलं. त्याचा आवाज मी ऐकला.

आबा स्टिअरिंगवर आडवे पडले होते. मला वाटलं, संपलं. मी त्यांच्या दंडाला हात लावला, दंड थरथरत होता. म्हणजे जिवंत होते. कपाळाला खोक पडली होती आणि रक्त भुवईवरून खाली येत होतं. मी पदरानं ते दाबून धरलं आणि लहान पोरासारखी हमसून रडायला लागले, दहा गड्यांसमोर.

नेमकं काय झालं ते आधी कुणालाच कळलं नाही. चुलत्यांच्या मुलानं आत डोकावून बघितलं आणि ओरडला, "गिअर टाकला! आबांनी गिअर टाकला!" मग सगळ्यांना उलगडलं. इंजिन जाम होतं. गिअर पडला की इंजिन आणि चाकं जोडली जातात, आणि इंजिन फिरत नसेल तर चाकंही फिरणार नाहीत. ब्रेक नसलेली गाडी थांबवायचा तो एकच मार्ग उरला होता.

आबांना उचलून ओट्यावर आणलं. डॉक्टर आले, कपाळाला टाके पडले, बाकी काही नाही म्हणाले. नवऱ्याचा गुडघा सोलवटला होता, तो दारात बसून स्वतःच त्यावर हळद लावत होता आणि कधी नव्हे ते माझी टिंगल करत नव्हता. ट्रॅक्टर आणून लोकांनी जीप मागं ओढली. ओढण्यापूर्वी एकानं येऊन विचारलं, "आबा, मागं घ्यायची का?" आबांनी नुसती मान डोलावली.

संध्याकाळी सोनं द्यायला अख्खं गाव लोटलं. आपट्याची पानं हातात ठेवायची, पाया पडायचं आणि जीपची गोष्ट ऐकायची. ऐकायची म्हणजे, आबा बोलतच नव्हते, सांगत दुसरेच होते. दर खेपेला विहीर जवळ येत गेली आणि जीपचा वेग वाढत गेला. "ह्या वयात! दुसरा असता तर हातपाय गाळून बसला असता." "फौजी त्यो फौजीच, गड्या." आबा खुर्चीत पट्टी बांधून बसले होते, येईल त्याला हात जोडत होते. मलाही छाती फुगल्यासारखं झालं होतं. मी सांगलीच्या मैत्रिणींना फोन करून करून सांगत होते, माझे वडील ब्याऐंशीव्या वर्षी कसे भानावर राहिले ते. ते डोळे मला मधूनच आठवायचे, पण मी स्वतःला समजावत होते की विचार करणाऱ्या माणसाचे डोळे तसे दिसत असतील.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई देवळात गेली, नवरा आत पडला होता. मी ओट्यावर आबांच्या पायांना तेल चोळत होते. रात्रभर त्यांच्या पिंढऱ्या वळत होत्या.

"पोरी," ते म्हणाले, "एक सांगू? कुणाला बोलू नगंस. तुझ्या आईलाबी न्हाई."

"काय झालं?"

त्यांनी फाटकाकडं बघून घेतलं. "त्यो गिअर मी न्हाई टाकला."

मला वाटलं ग्लानीत आहेत. "तुम्हीच टाकलात, आबा. दुसरं होतं कोण आत?"

"मी उडी मारत हुतो. उठाया म्हणून कशावर तरी हात टेकला, तर त्यो गिअरचा दांडा. सगळं अंग त्याच्यावर पडलं. गाडी थांबली तवा मला वाटलं, गेलो पाण्यात." ते थांबले. "आन् त्याच्या आधी म्या ब्रेक हुडकत हुतो."

"ब्रेक नव्हतेच ना."

"त्ये मला ठावं न्हवतं व्हय? नसंना का. डायवरचा पाय तिकडं आपसूक गेला पायजे. माझा गेला न्हाई. खाली तीन पेडलं, कुठलं कशाचं, कायबी सुधरंना. सारा जलम ज्या पायानं गाडी थांबिवली त्यो पाय नुसता हितं तितं फिराय लागला." त्यांचा आवाज फुटला. "लय भ्यालो, पोरी. म्या आजपतूर इतका कवा भ्यालो न्हाई. विहिरीला न्हाई भ्यालो. त्या पायाला भ्यालो."

माझे तेलकट हात त्याच पायावर होते. जन्मभर मी भ्यायची आणि आबा हसायचे. त्यांनाही असं भिता येतं, हे मी कधी धरूनच चालले नव्हते, आणि ते भ्याले तर त्यांना धीर कुणी द्यायचा हेही आमच्या घरात ठरलेलं नव्हतं. मी नुसती चोळत राहिले.

शेवटी मी विचारलं, "मग जीपचं काम थांबवू का? मेस्त्रीला सांगते, राहू दे म्हणून."

"नगं." ते घाईनं म्हणाले. "थांबवू नगंस. गाव काय म्हणंल? आबा भ्याला म्हणंल. आन् मलाबी ती अशी बंद बघवत न्हाई." त्यांनी माझा हात धरला, तेलासकट, आणि घट्ट धरून ठेवला. "काम कर तू. पर सावकाश कर."

"हो आबा."

"लय सावकाश कर."

मी मान खाली घातली. ते काय मागतायत ते माझ्या ध्यानात आलं.

दिवाळी झाली. मेस्त्रीनं मला गॅरेजवर बोलावून घेतलं. चारी चाकांचे ब्रेक दुरुस्त होऊन फळीवर ओळीनं मांडलेले होते, नवीन लायनर लावलेले, नव्यासारखे. तो खुशीत होता. "ताई, ह्या रविवारी जाऊन बसवून टाकतो. मग लगेच इंजिन काढू या, त्येबी आणतो. उन्हाळ्याच्या आत आबांना साताऱ्याला धाडतो बघा."

मी त्या ब्रेकवरून हात फिरवला. इतकी वर्षं मला उशीर होईल याची धास्ती होती. आता त्याच्या कामाच्या झपाट्याची वाटत होती.

"ब्रेक बसवा," मी म्हणाले. "ते आधी बसवा. इंजिनाची घाई नाही."

"आबांचं वय झालंय ताई. घाई नको कशी?"

"राहू दे म्हणते ना मी," माझा आवाज चिरका झाला. "आबांनीच सांगितलंय. ते आहेत तोवर काम चालूच राहू दे, निवांत."